भिकाजी तांडेलाचा तारा

बोस्टन, ९ नोव्हेंबर १९८६

प्रिय लहू,

अक्षर ओळखलंस का? नसेल ओळखलं तर तुझी कमाल आहे, कारण आपल्या आकाश मंडळाच्या नोंदवहीत पाच वर्षं हेच अक्षर तुझ्या नाकासमोर होतं. मी मृणालिनी, अंधेरीची. तुझा ठावठिकाणा आईने कळवला. तिला बाजारात तुझ्या आई, सोनूबाई, भेटल्या आणि पापलेटाचा भाव करता करता सगळी बातमी काढली तिने. तू अजून मरोळच्या त्याच वर्कशॉपमध्ये, दोन पोरं झाली, आणि धाकट्याचं नाक अगदी तुझ्यासारखं, इथपर्यंत मला माहीत आहे.

मी इथे पीएच.डी. करतेय. विषय ऐकून हसू नकोस, कृत्तिका! आपल्या गच्चीवरून बघायचो तोच तारकागुच्छ, फक्त आता डोळ्यांनी नाही, क्ष-किरणांत. खोलीला खिडकी नाही, दिवसभर कॉम्प्युटरचे कागद बघायचे. मग मला आपली दुर्बीण आठवते. दर आठवड्याला एकाच्या घरी जायची ती. तू ती चादरीत गुंडाळून वेसाव्याच्या बसमध्ये चढलास आणि कंडक्टरने विचारलं, “तोफ कुठे नेता?” आणि तुझ्याकडून परत आली की नळीला आठवडाभर सुकटीचा वास. किती बोंब मारायचो आम्ही! आता तो वास कोणी बाटलीत भरून पाठवला तर उशाशी ठेवीन.

एक काम आहे. फेब्रुवारी ८१ मध्ये, अमावास्येच्या आसपास, दुर्बीण तुझ्याकडे होती तेव्हा कृत्तिकेत तू एक नवा तारा पाहिलास म्हणाला होतास. तारीख कोणती, किती वाजले होते, आठवतं का रे? का हवंय ते नंतर सांगते. आधी तू तुझ्या मनाने सांग.

तुझी,
मृणाल

*

वेसावे, २७ नोव्हेंबर १९८६

मृणाल,

तुझं पत्र आलं तेव्हा पोस्टमन आधी आमच्या मातोश्रींना भेटला. परदेशी तिकीट बघून तिने सगळ्या आळीला सांगितलं की लहूला अमेरिकेत नोकरी लागली. वाट लागली माझी, आठ दिवस लोकांना समजावतोय.

खरं सांगतो, फार बरं वाटलं. आरेच्या टेकडीवर आपण सगळे चादरी टाकून पडायचो, वनमालाकाकूंचा थर्मास फिरायचा, विद्याधर सर एकेक तारा बोटाने दाखवायचे. लेथवर पितळ कापताना अजून त्यांचा आवाज कानात येतो. त्या मंडळात मी एकटाच कारखान्यातला आणि एकटाच कोळीवाड्यातला. पण नळी, स्टँड, स्क्रू, सगळं माझ्या हातचं होतं, म्हणून मला तिथे मान होता. निदान मला तसं वाटायचं.

आता तू तोच विषय काढलास म्हणून एकदाच सांगतो, परत विचारू नकोस. मंगळवार, ३ फेब्रुवारी. बाबा म्हणाले मलाही बघू दे. जन्म दर्यावर गेला त्यांचा. तांडेल ते, म्हणजे बोट त्यांच्या नजरेवर चालायची. मानेला पट्टा बांधलेला तरी दुर्बिणीला डोळा लावला, आणि म्हणाले, “आरं लहू, यो दिवा कोनी लावला रं?” मी बघितलं. कृत्तिकेतला सगळ्यात ठळक तारा अंबा, त्याच्या बाजूला, जिथे काही नसतं तिथे, एक तारा. दहा-पंधरा मिनिटं होता, मग विझत गेला. मी लगेच नकाशावर ठिपका मारला. वेळही लिहिली, पण आता आठवत नाही.

रविवारी अंधेरीला बैठकीत सांगितलं. सरांनी विचारलं दुसरा साक्षीदार कोण. मी म्हटलं, बाबा. तेव्हा नंदकुमार म्हणाला, “म्हाताऱ्याने दिवा पाहिला म्हणजे बोटीवरचा कंदील असेल.” सगळे हसले. तू हसलीस की नाही ते मी बघितलं नाही. पुढच्या रविवारी वही उघडली तर माझ्या पानावर लाल शाईची काट, आणि खाली ‘अग्राह्य’. सरांनी मला विचारलंही नाही. त्यानंतर मी सरांची गच्ची चढलो नाही. गेल्या वर्षी सर आजारी होते, दोनदा निरोप आला. मी गेलो नाही.

झालं समाधान?

लहू

*

बोस्टन, १० डिसेंबर १९८६

लहू,

झालं नाही. रागावलास तरी ऐकून घे, कारण आता कारण सांगते.

क्ष-किरण म्हणजे तुला छातीचा फोटो आठवेल. तारेही ते सोडतात, पण हवेतून ते खाली येत नाहीत, म्हणून वर उपग्रह पाठवून बघावं लागतं. माझे सगळे कागद अशाच एका उपग्रहाचे आहेत. तो ८१ सालीच बंद पडला, म्हणजे नवीन काही मिळणार नाही, जे आहे तेवढंच. आपला सूर्य म्हातारा, साडेचारशे कोटी वर्षांचा. कृत्तिकेतले तारे कालची पोरं, सात-आठ कोटींचे. स्वतःभोवती गरागरा फिरतात, अंगात नुसती रग, आणि त्यामुळे सूर्यापेक्षा कितीतरी जास्त क्ष-किरण फेकतात. मधूनच एखादा भडकतो आणि तासाभरात शांत होतो.

ऑक्टोबरमध्ये मला असा एक भडकलेला तारा सापडला. एरवी तो इतका मंद की आपल्या दुर्बिणीतून दिसायचाच नाही. तारीख बघितली. ३ फेब्रुवारी १९८१, आपल्याकडे संध्याकाळी सव्वाआठ.

पण त्याची सुरुवात मला दिसत नाही. उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो, अर्धा वेळ पृथ्वीच आडवी येते. तो आडून बाहेर आला तेव्हा तारा आधीच भडकून उतरायला लागला होता. सुरुवात कोणी पाहिली असेल तर ती फक्त वेसाव्याच्या एका गच्चीवरून, दोन माणसांनी. माझ्या मार्गदर्शकांना सांगितलं तर ते म्हणाले, लेखी नोंद दाखव.

ती वही सरांच्या कपाटात आहे. लहू, तू जा ना. मी पत्राने मागवू शकते, पण ती तुझी नोंद आहे, तू आणावीस. मला हवा तो ठिपका आणि ती वेळ. आणि सरांबद्दल मनात काही धरू नकोस. तसे नाहीत रे ते.

मृणाल

*

वेसावे, ५ जानेवारी १९८७

मृणाल,

तुझं पत्र खिशात घालून पंधरा दिवस फिरलो. बायको म्हणाली, जाऊन या नाहीतर ते पत्र धुण्यात टाकते. काल रविवार होता, गेलो.

वनमालाकाकूंनी दार उघडलं, मला बघून नुसतं “अगंबाई!” म्हणाल्या आणि आत धावल्या. सर खुर्चीत होते. खूप वाळलेत गं. मला वाटलं होतं तोंड फिरवतील. ते म्हणाले, “लहू, त्या स्टँडचा एक स्क्रू ढिला झालाय, येताना पाना आणलास का?” जणू मी मागच्याच रविवारी येऊन गेलो होतो! मला रडू यायला लागलं, म्हणून मी स्टँड बघायला उठलो.

वही निघाली. तुझं ते वळणदार अक्षर सगळीकडे. कोण आलं, कोणी काय पाहिलं, वनमालाकाकूंनी कोणत्या दिवशी थालीपीठ केलं, तेसुद्धा लिहिलंस. एका पानावर आरेच्या गुरांनी आपला नकाशा खाल्ल्याची नोंद आहे. सर आणि मी हसून हसून दमलो. मग माझं पान आलं. लाल काट तशीच, अजून ताजी असल्यासारखी.

मी विचारलं, “सर, ही रेघ का मारलीत?” त्यांनी पान जवळ ओढलं. मग म्हणाले, “चूक झाली. मंडळाची चूक झाली.” एवढंच. मृणाल, सहा वर्षं मी या माणसाशी मनात भांडत होतो आणि तो एका वाक्यात हरला. मला बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

त्या पानाची झेरॉक्स सोबत पाठवतोय. वेळ लिहिलीय: ७ वाजून ५८ मिनिटं. घड्याळ त्या संध्याकाळी रेडिओवर लावलेलं, तेही लिहिलंय. ठिपका बघ. आता तुझा तारा निघाला की कळव.

लहू

*

बोस्टन, २२ जानेवारी १९८७

लहू,

तुझा ठिपका माझ्या ताऱ्यावर पडत नाही.

तीन दिवस मोजतेय. अंबाच्या एका बाजूला तुझा ठिपका, आणि माझा तारा बरोबर दुसऱ्या बाजूला. गंमत म्हणजे अंतर तंतोतंत तेवढंच आहे, पण बाजू उलटी. तू ठिपका मारलास तिथे क्ष-किरणांत काहीच नाही, मोठ्या नकाशातही काही नाही. वेळ जुळते, जागा जुळत नाही. मार्गदर्शक म्हणाले, योगायोग, सोडून दे. माझ्या नकाशाची प्रत सोबत ठेवतेय, तारा लाल वर्तुळात आहे.

दुसरंही एक लिहायचंय, आणि ते याहून कठीण आहे.

ती लाल रेघ सरांनी मारली नाही. मी मारली. सोमवारी मी त्यांच्या घरी जाऊन मोठा नकाशा उघडून बघितलं, तुझ्या ठिपक्याच्या जागी तारा नव्हता. मी विसाव्या वर्षी फार शहाणी होते. आपलं मंडळ म्हणजे हौशी लोकांचा पोरखेळ नाही, हे जगाला दाखवायला निघाले होते. माझ्याच पेनाने काट मारली, ‘अग्राह्य’ लिहिलं. सरांनी दुसऱ्या दिवशी बघितलं. म्हणाले, आधी त्याला विचारायला हवं होतंस. मी म्हटलं, विचारते. विचारलं नाही. तू यायचा बंद झालास तेव्हा तर अजिबातच धीर झाला नाही. आणि बैठकीत, लहू, मी हसले होते.

सर मला पाठीशी घालून तुझ्याशी खोटं बोलले, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच हे लिहायचं होतं. भ्याले.

मृणाल

*

वेसावे, १ मार्च १९८७

मृणाल,

महिनाभर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते तुझ्याने वाचवलं नसतं. तू ही गोष्ट सहा वर्षं पोटात ठेवलीस आणि मी एका भल्या माणसाच्या आजारपणात गेलो नाही. राग आला, अजून थोडा आहे. पण तू कबूल केलंस, आता मीही करतो.

आधी ठिपक्याचं. तू लिहिलंस अंतर तेच, बाजू उलटी. ते वाक्य डोक्यात घेऊन मी लेथवर उभा होतो आणि एकदम मशीन बंद केली. शेजारचा श्यामसुंदर म्हणाला, बोट कापलं काय? अगं, आरसा! त्या दिवशी मी दुर्बिणीला आरसा लावला होता!

कृत्तिका त्या संध्याकाळी अगदी डोक्यावर होती. आपली दुर्बीण सरळ, खालून मान मोडून बघावं लागायचं. बाबांच्या मानेला पट्टा. ते वर बघूच शकत नव्हते. म्हणून मी एका मोडक्या झेरॉक्स मशीनमधला आरसा काढून, पितळेचा काटकोन बनवून मागे बसवला होता, खास बाबांसाठी. खुर्चीत बसून सरळ समोर बघायचं. आपल्या मंडळात तसलं कोणी वापरलं नव्हतं. आरशात उजव्याचं डावं होतं, हे मला दाढी करताना रोज दिसतं, पण त्या घाईत सुचलं नाही. तारा विझेल म्हणून अंबापासून अंतर घेतलं आणि जसं दिसलं तसा ठिपका मारला. आरसा दुसऱ्या दिवशी काढून ठेवला. नोंदीत त्याचा एक शब्द नाही. चूक माझी.

काल मी माझ्याकडे ठेवलेली दुसरी झेरॉक्स उलटी करून खिडकीच्या उजेडाला धरली, मागून तुझा नकाशा लावला, अंबावर अंबा ठेवली. मृणाल, माझा ठिपका तुझ्या लाल वर्तुळाच्या मधोमध पडला.

आता माझी कबुली. त्या रविवारी काट बघून घरी आलो. बाबा ओटीवर वाटच बघत होते, “काय म्हनले तुजे सायेब?” मला इतकी लाज वाटत होती की मी खेकसलो, “काही नव्हतं तिथे. तुमचे डोळे गेलेत, भलतंच दिसतं तुम्हाला. आणि तुमच्यापायी मीही तेच बघितलं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी बोटीचं सुकाण धाकूच्या, माझ्या भावाच्या, हातात दिलं. म्हणाले, ज्याला नसलेले दिवे दिसतात त्याने माणसं दर्यात नेऊ नयेत. तेव्हा पासष्ट वर्षांचे होते, अख्ख्या वेसाव्यात त्यांच्यासारखी नजर नव्हती. सहा वर्षं ते ओटीवर बसून जाळी शिवतायत. घरात सगळ्यांना वाटतं मानेमुळे सोडलं. खरं कारण त्यांना आणि मला माहीत आहे, आणि मी त्यांना कधी म्हटलं नाही की तारा मलाही दिसला होता.

तुझ्या एका रेघेवर मी सहा वर्षं रुसलो. माझ्या रेघेचं काय करू?

लहू

*

बोस्टन, १६ मार्च १९८७

लहू, लहू, लहू!

तू लिहिलंस तसं केलं. नकाशा उलटा, अंबावर अंबा. बसला! मार्गदर्शकांना खुर्चीवरून उठवून खिडकीशी नेलं. त्यांनी स्वतः तीनदा मोजलं, मग म्हणाले, ही नोंद आपण घ्यायची. ७.५८ ला डोळ्यांना दिसला, सव्वाआठला क्ष-किरणांत उतरताना दिसला. आता तो किती वेळ भडकला हे सांगता येतं. माझ्या शोधनिबंधात एक पूर्ण परिच्छेद तुमचा आहे, आरशासकट. निरीक्षक म्हणून तुझं आणि बाबांचं, दोघांचं नाव घालतेय. पूर्ण नावं इंग्रजीत कशी लिहायची ते कळव.

सरांनाही पत्र टाकलंय. सगळं लिहिलं, नंदकुमारला वाचून दाखवा म्हणून सांगितलंय.

तू विचारलंस रेघेचं काय करू. मी कोण सांगणारी? पण मी लिहून मोकळी झाले तेव्हा तीन महिन्यांत पहिल्यांदा धड झोपले. बाबांना सांग. पत्राची वाट बघू नकोस, आजच सांग.

मृणाल

*

वेसावे, १९ एप्रिल १९८७

मृणाल,

सांगितलं.

दुपारी ओटीवर जाळं शिवत होते. मी समोर बसलो, तुझा नकाशा आणि माझं पान दोन्ही दाखवलं, उजेडाला धरून. अमेरिकेत उपग्रहाने तोच तारा पाहिलाय म्हटलं. मग म्हटलं, बाबा, मलाही दिसला होता, मी तुमच्याशी खोटं बोललो. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली.

“म्हंजे माजं डोलं चांगलं व्हतं?”

हो म्हटलं.

“म्हंजे सा वरसं मी फुकट घरान बसलो.”

पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले. चार दिवस माझ्याशी एक शब्द नाही. आईने विचारलं काय झालं, तर म्हणाले, तुज्या पोराला इचार. मग मी तिला, धाकूला, बायकोला, सगळ्यांना सांगितलं. धाकू माझ्या अंगावर धावून आला, तेही बरं झालं.

पाचव्या दिवशी पहाटे उठलो तर बाबा पट्टा काढून, टोपी घालून दारात उभे. धाकूला म्हणाले, चल. आई ओरडली, एकाहत्तर वय, वेड लागलंय काय. ऐकेनात. मीही मागोमाग बोटीवर चढलो. धाकूने मुकाट्याने सुकाण त्यांना दिलं. तुला सांगतो मृणाल, हात लावल्याबरोबर माणूस बदलला. मान ताठ, पाय रोवलेले, मी लहान असताना बघायचो तसे. खाडीतून बोट अशी काढली की एकाही दोराला धक्का नाही. खलाशी पोरं बघत राहिली.

खाडीच्या तोंडाशी खडक आहे, त्यावर दिवा असतो. आम्हाला सगळ्यांना तो दिसत होता. बाबा डोळे बारीक करून बघत राहिले. मग बोटीचा वेग कमी करायला सांगितलं. पुन्हा बघितलं. आणि सुकाण धाकूच्या हातात परत दिलं. डॉक्टरकडे नेलं काल, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, बऱ्याच दिवसांचा. कोणाला सांगितलं नव्हतं, कारण मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं ना, की डोळे गेलेत.

बोटीवर ते माझ्या शेजारी येऊन बसले. उजाडलं. मग म्हणाले, “आता नाय दिसत. पन तवा दिसत व्हतं.”

मी म्हटलं, हो बाबा. तेव्हा दिसत होतं.

परत आल्यापासून दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून तेच ऐकवतायत. काल सर आणि वनमालाकाकू टॅक्सी करून आले, सरांनी त्यांच्यापुढे हात जोडले. बाबांनी सरांना जवळ बसवलं, चहा पाजला, आणि तारा कसा दिसला ते पहिल्यापासून सांगितलं. दोन तास बोलत होते दोघं. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टर म्हणतात दिसेल, पण बोट चालवण्याइतकं नाही.

तू नावं विचारलीस. मी बाबांना विचारलं, अमेरिकेतल्या कागदावर आपली दोघांची नावं येणार, कशी लिहू? त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, सांगतो. म्हणाले, “तुजं नको. तुना दिसला, पन तू फिरलास.”

तेव्हा एकच नाव घाल. भिकाजी तांडेल, वेसावे.

लहू